नाचायला ताकद असते, मग घरासाठी का नसते?

ताई, नमस्कार.

मी अकोल्यात राहतो, वय ४२. माझी बायको ३७ वर्षांची, एका अनुदानित शाळेत गणित शिकवते. पाच वर्षांपूर्वी तिला उजव्या डोळ्याने अचानक धूसर दिसायला लागलं, लाल रंग विटल्यासारखा दिसायचा. तपासण्या झाल्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असं निदान झालं. औषधं नियमित चालू आहेत. दोन वर्षांत एमआरआयमध्ये नवा डाग नाही. फाइलवर ‘ईडीएसएस १.५’ लिहिलंय, डॉक्टर म्हणतात आजार स्थिर आहे. ती चालते, स्कूटी चालवते, बघणाऱ्याला काही कळणारही नाही. पण शाळेतून आली की जी आडवी होते ती संध्याकाळपर्यंत उठत नाही. काही विचारलं तर चिडते. एकदा गॅस चालू ठेवून झोपली. गुरुवारचं भजन सुटलं, मैत्रिणी सुटल्या. आई म्हणते, ‘आम्ही शेतातून येऊन दहा माणसांच्या भाकरी थापत होतो.’ फेब्रुवारीत माझ्या चुलतबहिणीच्या हळदीत मात्र ती दोन तास नाचली आणि पुढचे दोन दिवस उठली नाही. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, ‘नाचायला ताकद असते, मग घरासाठी का नसते?’ तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

आजार स्थिर आहे तर हा थकवा येतो कुठून? मनाचा आहे का? यावर गोळी नाही का? तिने नोकरी सोडावी असं आईचं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं?

— एक नवरा, अकोला

भाऊ, नमस्कार.

ते वाक्य तुम्ही पत्रात लिहून टाकलंत, बरं केलंत. अशी पत्रं बहुतेक वेळा ‘माझ्या एका मित्राच्या घरी’ म्हणून सुरू होतात, आणि मग मित्राला उत्तर देता देता माझी अर्धी जागा संपते.

ते वाक्य एकट्या तुमचं नाही. मी तीस वर्षं फिजिओथेरपी केली. सुरुवातीच्या काळात बँकेत काम करणारी एक मुलगी माझ्याकडे यायची, तिला एमएस होता. मी तिच्या पायांची ताकद तपासली, पाचपैकी पाच. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, ‘अगं, पायात तर पूर्ण ताकद आहे, जरा मनाने उभारी धर!’ ती हसली, ‘हो मॅडम’ म्हणाली आणि परत कधी आली नाही. मी काय बोलून बसले ते कळायला मला आणखी चार-पाच रुग्ण आणि बरीच वर्षं लागली.

आपल्याकडे ‘दमणं’ आणि ‘गळून जाणं’ हे दोन वेगळे शब्द आहेत. तुमच्या आई शेतातून यायच्या तेव्हा दमलेल्या असायच्या. पाय धुतले, गुळाचा खडा नि पाणी घेतलं, ओसरीवर घटकाभर टेकलं की शीण उतरायचा. जेवढं काम तेवढा शीण, आणि विसावा घेतला की गेला. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे, पण तो हिशेब इथे लागू पडत नाही. एमएसचा थकवा रात्रभर झोपूनही सकाळी उशाशी बसलेला असतो. आंघोळ करून, केस विंचरून होईतो दिवसाची अर्धी पुंजी संपते. कधी काही न करताही भर दुपारी अंगातलं त्राण जातं. कुणी मला सांगितलंय, ‘अंगावर ओली गोधडी टाकल्यासारखं होतं’, कुणी सांगितलंय, ‘कोणीतरी मागून प्लग काढतं.’ एमएस असलेल्या चौघांपैकी तिघांना तरी हा अनुभव येतो आणि त्यातले कितीतरी जण सगळ्या लक्षणांमध्ये यालाच पहिला नंबर देतात.

येतो कुठून? मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांच्यातल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ते कुरतडते. वहिनींच्या डोळ्याला तेच झालं होतं. वेष्टन गेलेल्या तंतूतून संदेश रेंगाळत जातो, कधी वाटेतच विरतो. मग तेच काम उरकायला मेंदू जास्तीचे भाग जुंपतो, आणि मेंदू काम करत असताना घेतलेल्या एमआरआयमध्ये हे दिसलेलं आहे. जे काम तुमच्या-माझ्या मेंदूत चार गडी करतात, तिथे त्यांच्या मेंदूला सात गडी लावावे लागतात असं समजा. मजुरी सातही जणांची द्यावी लागते. शिवाय आजाराची धुगधुग, म्हणजे दाह, स्वतःही माणसाला गळवतो. ताप येऊन गेल्यावर दोन दिवस अंग कसं होतं ते आठवून पाहा.

‘नवा डाग नाही’ ही खरोखर चांगली बातमी आहे, औषध काम करतंय. पण तिचा अर्थ एवढाच, की नवी आग लागलेली नाही. जळालेली वायरिंग आहे तशीच आहे. आणि डाग किती यावरून थकवा किती हे काही सांगता येत नाही.

आता त्या ‘ईडीएसएस १.५’बद्दल. एमएसने माणूस किती अपंग झाला याचं हे माप, जॉन कर्ट्झके या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने १९८३ मध्ये आजच्या रूपात मांडलं. शून्य ते दहा, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. चारच्या पुढे तर ते मुख्यतः माणूस किती चालू शकतो यावरच ठरतं. थकव्याला त्यात जेमतेम जागा आहे. म्हणजे फाइलही खरी आणि वहिनीही खऱ्या. थकव्याची मापं वेगळी आहेत. १९८९ मध्ये आलेली नऊ विधानांची एक प्रश्नावली आहे, प्रत्येक विधानाला १ ते ७ गुण द्यायचे. सरासरी चार किंवा त्याहून जास्त आली तर थकवा दखल घेण्याजोगा. पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टकडे ती मागून घ्या. घरात ‘मी खोटं बोलत नाहीये’ हे सिद्ध करत बसण्यापेक्षा एक आकडा कागदावर आलेला बरा.

मनाचा आहे का, या प्रश्नाला माझं उत्तर: नाही, पण मनाकडे बघायला हवंच. एमएस असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आयुष्यात कधीतरी नैराश्य गाठतं आणि त्यानेही थकवा वाढतो. ढोबळ फरक असा, की नैराश्यात इच्छाच मरते. थकव्यात इच्छा असते, अंग साथ देत नाही. हळदीत दोन तास नाचणाऱ्या बाईची इच्छा जिवंत आहे. तरी भजन सुटलं, मैत्रिणी सुटल्या, नवऱ्याशी बोलणं सुटलं, ही यादी मला आवडलेली नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यांना तपासू दे. त्या कधी ‘जगून काय करू’ असं काही बोलल्या तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.

तिथे गेलाच आहात तर आणखी काही तपासून घ्या, कारण सगळं एमएसच्या माथी मारण्याची सवय डॉक्टरांनाही असते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, आणि एमएस झाला म्हणून तो काही माफ होत नाही. रात्री त्या लघवीला किती वेळा उठतात हे तुम्हाला माहीत आहे का? एमएसमध्ये मूत्राशयाच्या तक्रारी फार, आणि बायका त्या नवऱ्यालाही सांगत नाहीत. तीन-चार वेळा उठणाऱ्या माणसाची झोप ती काय होणार? पायात रात्री गोळे येतात का, घोरतात का, हेही बघा. पायांच्या ताठरपणासाठी बॅक्लोफेन किंवा दुखण्यासाठी प्रीगाबालिनसारखी गोळी चालू असेल तर तिचीही गुंगी असते. गोळी मनाने बंद करू नका, वेळ किंवा मात्रा बदलता येते का ते विचारा.

थकव्यावरची म्हणून गोळी? अमँटाडिन, मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट ही तीन औषधं वर्षानुवर्षं दिली गेली. अमेरिकेत १४१ रुग्णांना ही तिन्ही आणि एक नुसती बिनऔषधाची गोळी आळीपाळीने देऊन पाहिली. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला: औषधांनी बिनऔषधाच्या गोळीपेक्षा जास्त काही केलं नाही, साइड इफेक्ट मात्र जास्त दिसले. गंमत अशी, की बिनऔषधाच्या गोळीनेही बऱ्याच जणांचा थकवा कमी झाला होता. कुणीतरी आपल्या थकव्याची दर आठवड्याला विचारपूस करतंय, याचाच तो गुण असावा, असं आपलं मला वाटतं. एखाद्याला ही औषधं लागू पडतातही, ते डॉक्टर ठरवतील. पण गोळी आणली आणि प्रश्न मिटला, असं होणार नाही.

तुम्ही अकोल्याचे, म्हणून उन्हाबद्दल जरा लांबण लावते. मायलिन गेलेल्या तंतूला उष्णता सोसत नाही. अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी त्यातला संदेश अडखळतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंदवलं, की व्यायामानंतर काही रुग्णांना तात्पुरतं अंधुक दिसतं. पुढे कळलं की खरा दोष अंग तापण्याचा. एमआरआय नव्हता त्या काळात संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघत. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर असतो, म्हणजे गावच्या गाव त्या टबात! सकाळची शाळा असली तरी वहिनी बारा-साडेबाराला, डोक्यावर ऊन घेऊन, स्कूटीवरून घरी येतात. त्यानंतर त्या ‘लोळतात’ असं तुम्हाला दिसतं. त्या तेव्हा निवत असतात हो!

दिलासा एवढाच, की उन्हाने आलेली ही अवस्था अंग थंड झालं की ओसरते, नवी इजा होत नाही. तेव्हा घरी येण्याआधी अर्धा तास कूलर लावून ठेवा. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, पहिल्या पावसानंतर त्याचा काही उपयोग नाही. दुपट्टा ओला करून बांधायचा, मानेवर गार पंचा, घोट घोट गार पाणी. मे महिन्यात गॅसपुढे उभं राहून फोडण्या देणं हे त्यांच्यासाठी घरातलं सगळ्यात वाईट काम: उभं राहणंही आलं आणि धगही आली. पोळ्यांना बाई लावा, नाहीतर तुम्ही शिका. दिवाळीच्या कढत अभ्यंगस्नानाऐवजी त्यांनी कोमट पाण्यावर भागवावं, मग आईंना आवडो न आवडो. आणि गॅस चालू राहिला तो बेफिकिरीने नाही. थकव्यात डोकंही थकतं. गणिताच्या बाईंना दुपारी तीनला साधा शब्द आठवत नाही, टीव्हीचा आवाज सोसत नाही, त्यातूनच ती चिडचिड. टायमरची इंडक्शन शेगडी घ्या, वाद मिटेल.

व्यायामाबाबत एक जुना गैरसमज आहे. एकेकाळी आम्हीच एमएसच्या रुग्णांना ‘आराम करा, दमू नका’ सांगायचो. आता माहीत आहे, की बेताचा व्यायाम थकवा कमी करतो आणि त्याने आजार बळावत नाही. सौम्य ते मध्यम एमएस असलेल्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालणं किंवा सायकल आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, असं सांगितलं जातं. अर्धा तास हे शेवटचं ठिकाण झालं. सुरुवात दहा मिनिटांनी, पहाटेच्या गारव्यात. आज बरं वाटतंय म्हणून दुप्पट, असं करायचं नाही. बरं वाटणारा दिवस हाच फसवा असतो.

नोकरीचं माझं मत ऐका. सोडू नये, निदान आत्ता तरी नाही. एमएसमध्ये लोक नोकरी सोडतात त्यामागे थकवा हे मोठं कारण आहे, हे खरं. पण नोकरी सोडली की थकवा जातो, हे मी फारसं पाहिलेलं नाही. पगार जातो, औषधांचा खर्च राहतो, आणि घरी बसलेल्या सुनेला घरातली कामं कमी कोण सांगतं? आधी शाळेतलं ओझं हलकं करून बघा. तळमजल्यावरचा वर्ग, अवघड तास सकाळी, शिकवताना उंच स्टूल, पेपर तपासायला दोन दिवस जास्त. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट आहे, आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांनी अशा कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्याव्यात असं तो सांगतो. दिव्यांगत्वाच्या टक्केवारीच्या प्रमाणपत्रात थकवा नीट मोजला जात नाही, तेव्हा सवलतींना लागणारे चाळीस टक्के मिळतीलच असं धरून चालू नका. मुख्याध्यापकांना मात्र डॉक्टरांच्या पत्रासह भेटा. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखा मुंबई-पुण्यात आहेत, त्यांच्याशीही बोला. वहिनींना ‘मलाही अगदी असंच होतं’ म्हणणारं माणूस भेटणं फार गरजेचं आहे. ते काम तुम्ही किंवा मी करू शकत नाही.

आता हळदीकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या पत्राचा जीव तिथे आहे.

तुम्ही म्हणता, नाचायला ताकद होती. होती ना, उसनी घेतलेली. दोन दिवसांचं व्याज भरावं लागणार हे तुमच्यापेक्षा त्यांना चांगलं माहीत होतं, तरी त्या उठल्या. का उठल्या असतील? तुमच्याच यादीकडे पुन्हा बघा. शाळा चालू आहे. म्हणजे लोकांना दिसणारी बाजू त्यांनी शाबूत ठेवली. सुटलं काय? भजन, मैत्रिणी. ज्याच्यावर कुणाचा हक्क नाही, जे चुकलं तर कुणी जाब विचारत नाही, ते सगळ्यात आधी गेलं. थकवा असाच खातो. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण अंथरूण रोज आखूड होत गेलं की माणूस आधी स्वतःचेच पाय दुमडून घेतो. दुसऱ्यांचे तो दुमडत नाही.

एमएसमध्ये आयुष्य कसं चाललंय हे मोजणारी चोपन्न प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, १९९५ सालची. चालणं, दुखणं याबरोबर ती उत्साह, मित्रमंडळी, शरीरसुख, एकूण समाधान याबद्दलही विचारते. चालण्याची काही अडचण नसलेल्या रुग्णांचेही गुण थकव्याने खाली येतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. फाइलवर दीड, आणि आयुष्यातून भजन वजा. (शरीरसुखाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. पण रात्री अकरा ही त्यांच्या शरीराची वेळ नाही, सकाळ आहे, एवढं लक्षात ठेवा.)

म्हणून माझा सल्ला थोडा उलटा वाटेल. उरलेल्या ताकदीतून घराला आणखी काय मिळेल हे तुम्ही विचारताय. मी म्हणते, त्यातला एक हिस्सा आधी वहिनींच्या आवडीसाठी बाजूला काढा आणि उरलेल्यात घर बसवा. घर बसतं. पोळ्या विकत मिळतात, फरशी एक दिवसाआड पुसली तर आकाश कोसळत नाही, आणि पाहुण्यांना ‘या आठवड्यात नको’ म्हणायला तुमचं तोंड आहे. ‘नको’ त्यांच्या तोंडून जाऊ देऊ नका. सुनेचा नकार आणि मुलाचा नकार यांची किंमत आपल्याकडे वेगळी लागते, हे तुम्हाला माहीत आहे.

‘झोपलीस का?’ असं विचारू नका. त्या प्रश्नात आरोप असतो, तुमच्या मनात नसला तरी. ‘आज किती उरलंय?’ असं विचारा आणि दहापैकी आकडा घ्या. माझ्या ओळखीच्या एका घरात शाळकरी मुलगाच आल्या आल्या विचारतो, ‘आई, बॅटरी किती?’ आणि फ्रिजवर खडूने लिहितो. वीस टक्के लिहिलं असेल तर त्या संध्याकाळी कुणी तिला शोधत नाही. आईंनाही हा आकडा कळेल. त्यांना मायलिन समजावत बसू नका. ‘डॉक्टरांनी दुपारी दोन तास सक्तीने झोपायला सांगितलंय’ एवढं सांगा. त्या पिढीत डॉक्टरांच्या शब्दाला वजन आहे, त्याचा फायदा घ्या. मीही घेते.

तुम्हीही थकला असाल. पाच वर्षं औषधं, तपासण्या, आई आणि बायको यांच्या मधोमध उभं राहणं, हे काही कमी नाही. ते वहिनींना सांगा. फक्त त्यांच्या थकव्याशी तुलना करत सांगू नका.

माफी मागायची तर लांबलचक नको. ‘मी हळदीनंतर बोललो ते चुकलं’ एवढं पुरे. आणि मग पुढचा गुरुवार धरा. त्या दिवशी शाळेतून आल्यावर घरातलं काहीही त्यांनी करायचं नाही. कूलर, अंधारी खोली, मोबाइल बंद. साडेसहाला तुम्ही गाडी काढा, भजनाला नेऊन सोडा आणि बाहेर थांबा. पूर्ण बसायचं बंधन नाही, अर्ध्या तासात उठावंसं वाटलं तर आरतीची वाट न बघता घरी यायचं. तिथे पंख्याखालची, भिंतीला टेकता येईल अशी जागा आधी बघून ठेवा. शुक्रवारी त्या उठल्या नाहीत तर चहा तुम्ही करा, आणि कप ठेवताना भजनाचा विषय काढा, कामाचा नको.

— तुमची ताई